चलनांतून निसटलेल्या नोटा

नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कांठीं, इंदिरानगर ही वस्ती आहे. नोकरदार, निवृत्त आणि लहानसहान व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांची ही वस्ती नवी. तिच्या नांवावरूनच तिचें वय कळतें. तेथून पूर्वेस, फार लांब नव्हे, नाशिकरोड येथें सरकारी नोटांचा छापखाना आहे. तो मात्र १९२८ सालचा. जुन्या नोटा जमविणारा मनुष्य देशांत कोठेंहि भेटला, तरी त्याच्या वहींतील पुष्कळशा नोटांचें जन्मस्थान हाच छापखाना असतो. अशा नोटा शोधाव्या, पारखाव्या आणि चार पैसे नफा ठेवून दुसऱ्या संग्राहकास विकाव्या, हा जोडधंदा इंदिरानगरसारख्या वस्तींतील घरांतून फावल्या वेळीं सहज चालूं शकतो. त्याला भांडवल थोडें लागतें, दुकान लागत नाहीं, आणि वरवर पाहतां तो पोरखेळ वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं हिंदुस्थानच्या गेल्या एकशें साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो न जाणतां या धंद्यांत उतरणारा मनुष्य बहुधा फसतो.

नोट म्हणजे सरकारनें किंवा बँकेनें लिहून दिलेलें देण्याचें वचन. वचन पुरें झालें कीं कागदाचें काम संपतें. म्हणून नोटेचा जन्म जितक्या बंदोबस्तांत होतो, तितक्याच बंदोबस्तांत तिचा अंतहि केला जातो. पूर्वीं परत आलेल्या नोटा जाळून टाकीत. अलीकडे रिझर्व्ह बँकेच्या कचेऱ्यांतून यंत्रें त्यांचे बारीक तुकडे करतात आणि त्या चुऱ्याच्या विटा दाबून काढतात. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. संग्राहकाच्या हातीं लागणारी प्रत्येक जुनी नोट ही कोठें तरी वाट चुकलेली, परत न गेलेली नोट असते. ती कां चुकली, हें ज्याला सांगतां येतें, त्यालाच तिची किंमत करतां येते. नुसत्या वयाला येथें मोल नाहीं.

इंग्रजी अंमलांत पहिल्या नोटा खाजगी आणि इलाखा बँकांनीं काढल्या. बँक ऑफ बाँबे १८४० सालीं निघाली. तिच्या नोटांवर मुंबईचा टाउन हॉल आणि एल्फिन्स्टन व माल्कम यांच्या मूर्ती कोरलेल्या असत. १८६१ च्या कायद्यानें हा अधिकार एकट्या सरकारकडे गेला. ही योजना आंखणारे अर्थमंत्री जेम्स विल्सन ती अंमलांत येण्यापूर्वींच, १८६० सालीं, कलकत्त्यास वारले. राणी व्हिक्टोरियाचें चित्र असलेल्या या नोटा विलायतेंत हातकागदावर, एकाच बाजूनें छापल्या जात. त्यांची बनावट होऊं लागल्यामुळें १८६७ पासून त्यांच्या जागीं निराळ्या, रंगीत नक्षीच्या नोटा आल्या.

या काळच्या नोटांची खरी गंमत त्यांच्यावर छापलेल्या गांवाच्या नांवांत आहे. देशाचे चलनमंडळांत भाग पाडलेले होते आणि नोट ज्या मंडळाची, त्याच मंडळांत ती घेण्याची कायद्यानें सक्ती असे. मुंबईची नोट कलकत्त्यास नेली तर व्यापारी ती घेई, पण बट्टा कापून. नागपूर, लाहोर, अलाहाबाद, कराची अशीं नांवें छापलेल्या नोटा आज निरनिराळ्या दरानें विकल्या जातात, आणि दहांपैकीं नऊ गिर्‍हाइकांना तो फरक लक्षांत येत नाहीं. पांच रुपयांची नोट १९०३ सालीं ब्रह्मदेश सोडून सर्वत्र चालूं लागली. दहा व पन्नास रुपयांची १९१० मध्यें आणि शंभराची १९११ मध्यें. तेव्हां गांवाच्या नांवाचा हा जाच संपला.

त्याच काळांतील दुसरी एक चाल सांगण्यासारखी आहे. टपाल वाटेंत लुटलें जाण्याचें भय असे. म्हणून सावकार मोठी नोट मधोमध कापीत आणि तिचें एक अर्ध टपालानें पाठवीत. तें मिळाल्याची पोंच आली म्हणजे दुसरें अर्ध रवाना होई. दोन्ही अर्धांवर क्रमांक छापलेला असल्यामुळें जोडी जुळविणें सोपें असे. पलीकडचा व्यापारी दोन्ही तुकडे मागून कागदाची पट्टी लावून चिकटवी आणि नोट पुन्हां चालती होई. आज अशी जोडलेली नोट एखाद्या जुन्या चोपडींतून निघाली, तर घरचे लोक ती फाटकी समजून बाजूस टाकतात. जाणता मनुष्य मात्र सरळ रेषेंत कापलेली ती कड पाहून थांबतो. क्वचित् एकच अर्ध सांपडतें. मग दुसरें वाटेंत गेलें, कीं पाठविणाराच दिवाळ्यांत निघाला, हें कोण सांगणार!

पहिल्या महायुद्धानें नोटेला गरिबाच्या घरापर्यंत नेलें. रुपया चांदीचा, आणि चांदीचा भाव असा चढला कीं रुपया वितळविणें फायद्याचें ठरण्याची वेळ आली. १९१८ सालीं अमेरिकेनें पिटमन कायदा करून सुमारें २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठीं दिली, तेव्हां कोठें सरकारचा जीव खालीं पडला. तत्पूर्वीं, ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं, एक रुपयाची कागदी नोट निघाली. तिच्यावर पंचम जॉर्जच्या रुपयाचेंच चित्र होतें, जणूं कागदावर नाणें ठेवून लोकांची समजूत घालावी. तिच्या मागोमाग दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. या दोन्ही नोटा खर्चाच्या मानानें परवडेनात म्हणून १ जानेवारी १९२६ पासून बंद झाल्या. अडीच रुपयांच्या नोटेवर एम्. एम्. एस्. गब्बे या एकाच अधिकाऱ्याची सही आढळते, आणि आज ती हिंदी संग्राहकांच्या अत्यंत मागणीच्या नोटांपैकीं आहे. अडीच रुपये ही रक्कम त्या काळीं लहान नव्हती. ती नोट नुसती आठवण म्हणून पेटींत टाकून ठेवणें फारच थोड्यांना परवडलें असलें पाहिजे. तिच्या दुर्मिळपणाचें निम्मेंअधिक कारण बहुधा तेंच.

हीं सारीं कागदें विलायतेंत छापून समुद्रमार्गें येत, आणि समुद्रानें त्यांतलीं कांहीं ठेवून घेतलीं. २ जुलै १९१८ रोजीं लंडनहून मुंबईस निघालेलें ‘शिराला’ हें जहाज जर्मन पाणबुडीनें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडविलें. त्यावर पांच व दहा रुपयांच्या, सही न झालेल्या नोटांचे गठ्ठे होते. ते फुटून नोटा किनाऱ्यास लागल्या. बहुतेक गोळा करून नष्ट करण्यांत आल्या, थोड्या लोकांच्या घरांत राहिल्या. त्यांपैकीं दहा रुपयांच्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या दोन नोटा मे २०२४ मध्यें लंडनच्या लिलावांत आल्या. ज्या नोटेवर सही नाहीं, जी एकदांहि बाजारांत चालली नाहीं, तिनें एक दमडीचेंहि वचन दिलेलें नव्हतें; तरी तिच्यासाठीं बोली बोलल्या गेल्या.

दुसरी कथा मराठवाड्याशीं नातें सांगणारी आहे. निजामाच्या राज्यांत हाली शिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कळदार, असा हिशोब औरंगाबाद, परभणी, नांदेडकडील जुन्या पिढीच्या तोंडीं होता. युद्धांतल्या चांदीच्या टंचाईमुळें १९१८ मध्यें इंग्रज सरकारनें निजामास स्वतःच्या नोटा काढूं दिल्या. उर्दूबरोबर मराठी, तेलुगु आणि कानडी अक्षरेंहि या नोटांवर असत. आरंभीं त्या लंडनच्या वॉटर्लो कंपनीनें छापल्या. २० मे १९२२ रोजीं ‘ईजिप्त’ नांवाचें जहाज लंडनहून मुंबईस जात असतां धुक्यांत एका फ्रेंच जहाजाशीं टक्कर होऊन फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यापुढें बुडालें. त्यावर सोनें होतें, चांदी होती आणि हैदराबादच्या नोटाहि होत्या. दहा वर्षांनीं, १९३२ सालीं, ‘आर्तिल्यो’ या इटालियन जहाजाच्या पाणबुड्यांनीं चारशें फूट खोलावरून सोनें काढलें. त्या मोहिमेंत निजामाच्या या नोटांचे भिजलेले गठ्ठेहि वर आले. खलाशांना सोनें हवें होतें. कागद पाहून त्यांची काय निराशा झाली असेल ती असो. सोनें वितळून सोन्यांत मिसळलें, त्याचा मागमूस उरला नाहीं. डागाळलेल्या त्या नोटा मात्र आजहि ‘ईजिप्त’च्या नोटा म्हणून ओळखल्या जातात.

तोंवर नाशिकरोड येथें छापखाना उभा राहिला होता. प्रथम टपालाचीं तिकिटें, जीं त्यापूर्वीं लंडनला छापलीं जात, १९२६ पासून येथें निघूं लागलीं. १९२८ मध्यें नोटांचा विभाग सुरू झाला आणि १९३२ पर्यंत हिंदुस्थानच्या सर्व नोटा येथें छापल्या जाऊं लागल्या. हैदराबादच्या नोटांचें कामहि येथेंच आलें. १ एप्रिल १९३५ रोजीं रिझर्व्ह बँक निघाली. तिची पहिली नोट, पांच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्यें बाहेर पडली. १९४३ सालीं चिंतामणराव देशमुख त्या बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि नोटेवर मराठी माणसाची सही आली. मराठी घरांत अशी नोट सांपडली म्हणजे मोठी अपेक्षा निर्माण होते. पण युद्धकाळांत नोटांचा सुकाळ झाला होता, त्यामुळें देशमुखांच्या सहीच्या लहान नोटा दुर्मिळ नाहींत. अभिमानाचें मोल आणि बाजाराचें मोल हीं दोन निराळीं आहेत, ही गोष्ट विकणाऱ्यास कटु वाटते. तरी घेणाऱ्यानें ती स्पष्ट बोलून दाखवावी हेंच बरें.

नाशिकरोडच्या छापखान्याचें सारें कौशल्य एक नोट हुबेहूब दुसरीसारखी काढण्यांत. संग्राहक शोधतो ती वेगळी नोट. हें वेगळेपण छापखान्याच्या चुकीपेक्षां राजकारणानें अधिक निर्माण केलें. १ एप्रिल १९३७ रोजीं ब्रह्मदेश वेगळा झाला. तेव्हां चालू नोटांवरच ‘फक्त ब्रह्मदेशांत ग्राह्य’ अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें छापून त्या तिकडे पाठविल्या गेल्या. फाळणीनंतर पाकिस्तानापाशीं नोटांचा छापखाना नव्हता. त्यामुळें १ एप्रिल १९४८ पासून तेथें ज्या नोटा निघाल्या त्या रिझर्व्ह बँकेच्याच होत्या, फक्त त्यांवर इंग्रजींत व उर्दूंत ‘पाकिस्तान सरकार’ असा जादा छाप होता. तो छाप नाशिकरोडलाच बसला. निर्वासितांचे लोंढे दोन्ही बाजूंनीं वाहत होते आणि दोन्ही देशांचा पैसा एकाच आवारांतून निघत होता. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेनें पाकिस्तानच्याहि मध्यवर्ती बँकेचें काम केलें. या नोटा आज किमती समजल्या जातात, आणि म्हणूनच जुन्या साध्या नोटेवर खोटा छाप मारून विकण्याचा उद्योगहि त्यांच्याच बाबतींत होतो. छापाची शाई कागदाच्या घडीवरून गेली आहे कीं घडी छापावरून, हें भिंगाखालीं पाहिल्यावांचून अशी नोट घेऊं नये.

स्वातंत्र्यानंतरहि ही मालिका चालू राहिली. इराणी आखाताच्या अरबी कांठावर हिंदी रुपया चाले. तो तेथें साठवून त्याचें सोनें घ्यावें आणि तें चोरून हिंदुस्थानांत उतरवावें असा व्यापार वाढल्यामुळें १९५९ सालीं सरकारनें आखातापुरत्या निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधीं ‘झेड्’ हें इंग्रजी अक्षर असे. हज यात्रेकरूंसाठीं दहा व शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा त्याच सुमारास निघाल्या, त्यांवर ‘एच्. ए.’ हीं अक्षरें. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन झाल्यावर आखातांतील उरलीसुरलीं राज्येंहि रुपयापासून दूर गेलीं. या नोटा हिंदुस्थानांत चालविण्यासाठीं नव्हत्याच; त्या बाहेर गेल्या, परत आल्या आणि नष्ट झाल्या. म्हणून मुंबईच्या एखाद्या जुन्या खलाशाच्या किंवा यात्रेकरूच्या घरांत अशी नोट राहिली असेल तर ती विशेष समजावी. हजच्या शंभराच्या नोटेला परदेशांतील लिलावांत लाखों रुपये मिळालेले आहेत.

वाट चुकलेल्या नोटांचा आणखी एक वर्ग आहे. त्याच्याशीं पुष्कळ घरांच्या दुःखद आठवणी निगडित आहेत. जानेवारी १९४६ मध्यें पांचशें, एक हजार व दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. १६ जानेवारी १९७८ रोजीं एक हजार, पांच हजार व दहा हजारांच्या पुन्हां रद्द झाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या. पहिल्या दोन प्रसंगीं त्या नोटा श्रीमंतांच्या तिजोरींत होत्या. तिसऱ्या प्रसंगीं डाळीच्या डब्यांत आणि साडीच्या घडींत होत्या. मुदत टळल्यावर त्या सांपडल्या तेव्हां कित्येकांना वाटलें कीं संग्राहक तरी त्या घेतील. परंतु १९४६ पूर्वींच्या दहा हजारांच्या नोटा मोजक्याच उरल्या आणि २०१६ च्या पांचशेंच्या नोटा कोट्यवधि छापलेल्या होत्या. त्यांना नाणेबाजारांत कोण विचारतो? शिवाय २०१७ च्या कायद्यानें त्या जवळ बाळगण्यासच मर्यादा घातली आहे. एका व्यक्तीस दहांहून अधिक नोटा ठेवतां येत नाहींत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठीं ही मर्यादा पंचवीस आहे. जोडधंदा करणाऱ्यानें हा आंकडा पाठ केला पाहिजे, कारण गठ्ठा घेऊन येणारा परिचित मनुष्य त्याला नकळत कायद्याच्या पेंचांत लोटूं शकतो.

आतां प्रत्यक्ष धंद्याविषयीं. समजा, इंदिरानगरांतील एखादा गृहस्थ कचेरीच्या कामावेगळा वेळ यासाठीं देतो. त्याला माल मिळतो तो मुख्यतः तीन वाटांनीं: ओळखीच्या घरांतील आवराआवर, रद्दीवाल्याकडे गेलेल्या जुन्या वह्या-पोथ्या, आणि इतर संग्राहकांकडील दुबार नोटा. नाणीं-नोटांच्या प्रदर्शनांतहि खरेदी होते, पण तेथें विकणारा त्याच्याहून जाणता असतो. किशोर झुनझुनवाला आणि रझवान रझाक यांचा हिंदी नोटांवरील सूचिग्रंथ या धंद्यांत पंचांगासारखा वापरला जातो. त्यांत सही, साल, अक्षर, रंग यांवरून नोटेचे उपप्रकार दिलेले आहेत. उदाहरणार्थ, प्रजासत्ताकाच्या आरंभींच्या नोटांवर हिंदींत ‘रुपया’ असें एकवचनच छापलेलें होतें. वाद होऊन १९५३ च्या सुमारास ‘रुपये’ झालें. एवढ्या एका मात्रेनें किंमत बदलते.

त्याखालोखाल नोटेची स्थिति. कोरी नोट, एक घडी पडलेली नोट आणि पुष्कळ हातांतून गेलेली नोट यांच्या किमतींत दुपटी-चौपटीचें अंतर असूं शकतें. बँकेच्या बंडलास टांचणी मारीत, त्यामुळें जुन्या कोऱ्या नोटेसहि दोन भोंकें असतात. तो दोष क्षम्य मानतात. पण हौसेनें धुतलेली किंवा इस्त्री केलेली नोट जाणत्याच्या हातांत पडतांच उघडकीस येते. धुण्यानें कागदाचा करकरीतपणा जातो, इस्त्रीनें छपाईचा उठाव बसतो. घरच्या माणसांनीं ‘स्वच्छ’ करून आणलेली नोट पाहून संग्राहकास जो खेद होतो, तो पुराणवस्तूवर तेलरंग फासलेला पाहून इतिहासकारास होणाऱ्या खेदाहून कमी नसतो.

क्रमांकाचें वेड हा मात्र अगदींच निराळा प्रकार. ७८६ हा आंकडा असलेली नोट शुभ मानणारे लोक आहेत. सर्व आंकडे सारखे असलेली किंवा जन्मतारखेशीं जुळणारी नोट भेट देणारेहि आहेत. याला इतिहास म्हणतां येत नाहीं, पण त्यावर जोडधंदा करणाऱ्याचा महिन्याचा किरकोळ खर्च निघतो, म्हणून त्याला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. अनर्थ होतो तो जाहिरातींमुळें. अमुक क्रमांकाची साधी नोट लाखों रुपयांस घेऊं असें सांगून प्रथम नोंदणीचे, मग कराचे म्हणून पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले कीं ऑगस्ट २०२१ मध्यें रिझर्व्ह बँकेला जाहीर करावें लागलें कीं जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रींत ती पडत नाहीं आणि त्यासाठीं कसलेंहि शुल्क घेत नाहीं. खरा घेणारा विकणाऱ्याकडे आधीं पैसे मागत नाहीं. तो नोट मागतो.

नाशिककरांना एक सोय अशी आहे कीं त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर अंजनेरी येथें, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकारानें १९८० सालीं निघालेली नाणकशास्त्राची संशोधन-संस्था आहे, आणि तेथें संग्रहालयहि आहे. मुंबईस रिझर्व्ह बँकेचें चलन-संग्रहालय २००४ सालीं निघालें. एखादा रविवार या ठिकाणीं घालविला तर अस्सल नोट कशी दिसते हें डोळ्यांना कळतें. आणि घरांत जुनी नोट निघाली तर ती कोणाची, कोणत्या वहींत, कोणत्या गांवीं होती, हें पाकिटावर लिहून ठेवावें, नोटेवर नव्हे. व्यापारी हें टिपण टाकून देतात आणि नोट तेवढी पुढें जाते. त्यामुळें मंडळाचें नांव राहतें, पण ती नोट मंडळाबाहेर कशी गेली तें हरवतें.

सध्यां पुष्कळ घरांतून दोन हजार रुपयांची गुलाबी नोट जपून ठेवलेली आढळते. १९ मे २०२३ रोजीं ती चलनांतून काढून घेण्याचें ठरलें तेव्हां ३.५६ लाख कोटी रुपयांच्या नोटा बाहेर होत्या. त्यांतील ९८ टक्क्यांहून अधिक परत आल्या, आणि रद्द झालेली नसल्यामुळें ती आजहि कायदेशीर आहे. २०२५ च्या उत्तरार्धांत सुमारें सहा हजार कोटी रुपयांच्या नोटा परत यावयाच्या राहिल्या होत्या. म्हणजे सुमारें तीन कोटी नोटा अजून बाहेर. ती दुर्मिळ होईल म्हणून कपाटांत ठेवणाऱ्यांनीं हा आंकडा एकदां पाहावा, आणि मग वाटलें तर एकच, कोरी, घडी न घालतां ठेवावी.